कापसाच्या गंजीवर शब्बीरमामू

शब्बीरमामूंनी मदत केली. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण काय झालं ते सांगायला बसलो की गंमत पुढे जाते आणि माणूस मागे राहतो. माझं लग्न जमलं ते धाड गावच्या शब्बीरमामूंमुळे. ज्या इंटरनेटवरून ते जमलं, ते इंटरनेट मामूंना शेवटपर्यंत समजलं नाही. मला तरी कुठे समजलं होतं. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस.

मामूंचा एक सिद्धांत आहे. जगात जे काही बिघडतं, ते वायसर, म्हणजे वॉशर, गेल्यामुळे बिघडतं. पंप गळतो, वायसर. सायकलीत हवा राहत नाही, वायसर. स्टँडवर एसटी उशिरा लागली की मामू दुकानात बसूनच सांगणार, "ड्रायव्हरचं वायसर गेलं." एकदा गावातल्या एका नवरा-बायकोचं भांडण मिटवायला चार शहाणी माणसं बसली होती. मामूंना कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते गेले. दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणसं दोनी चांगले हायत. मधातलं वायसर बदला." मधातलं वायसर म्हणजे नवऱ्याची आई की बायकोचा भाऊ, यावरून शहाण्या माणसांत नवं भांडण लागलं. जुनं मात्र मिटलं. मामू अजून म्हणतात, "पाह्यलं? निदान बरोबर होतं."

मामू फवारणीचे पंप दुरुस्त करतात. दुकानावर पाटी नाही, दाराला एक फुटका पंप टांगलाय, तीच पाटी. दुरुस्त झालेला पंप ते असाच हातात देत नाहीत. आधी त्यात साधं पाणी भरतात, स्वतःच्या पाठीवर घेतात आणि रस्त्यानं दांडा मारत चालून येतात. बाजाराच्या दिवशी या चाचणीत भाजीवाले, गिऱ्हाइकं, शेळ्या, सगळे थोडेथोडे भिजतात. कोणी ओरडलं तर मामू म्हणतात, "पाणीच होय ना बे? वाढशीन." परत आले की सदरा मागून चाचपून बघायचा. ओला लागला तर पंप पुन्हा खोलायचा.

"मामू, थोडं गळतंच की," घाईतला शेतकरी म्हणतो.

"थोडं? माह्या पाठीवर पाणी गळलं त चालते. तुह्या पाठीवर जहर गळन. बस तिकडं."

बीटीचं बियाणं नवीन आलं तेव्हा मामूंचा धंदा बसला होता, असं गावात सांगतात. बोंडअळी कपाशीला तोंड लावीना, पंप माळ्यावर गेले. त्या काळात मामूंनी स्टोव्ह दुरुस्त केले, कुलपं केली, छत्र्या केल्या. मी धाडला आलो तोवर अळी त्या बियाण्याला सरावली होती. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी निवांत पसरलेली. मामूंच्या दारात पुन्हा पंपांची रांग लागली. मी आपला त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "मामू, धंदा जोरात आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "माह्यं दुकान चाललं म्हणजे कोणाचं तरी वावर हातचं चाललं बे. याच्यात खुशी कायची?"

मी मूळचा गुहागरकडचा. ट्रकवर क्लीनर होतो. असाच एकदा नांदुऱ्याला कापसाच्या एका जिनिंगवर आलो, तिथल्या शेठना वजनकाट्यावर बसवायला माणूस हवा होता, आणि मी राहिलो. पुढे त्यांनी धाडला कापूस खरेदीचं केंद्र काढलं आणि मला तिथे पाठवलं. केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, वजनकाटा आणि मोकळ्या आवारात कापसाची गंजी. समुद्राजवळच्या माणसाला ती गंजी पहिल्यांदा लाटेसारखी दिसली. इथली बोली कळायलाच मला एक हंगाम गेला. कोणी "काऊन बे?", म्हणजे नुसतं "का रे?", म्हटलं की मला वाटायचं, माझं काही चुकलं. तसं मला नेहमीच वाटतं. शेठचा फोन आला तरी मी उभा राहून बोलतो.

मग शेठनी लॅपटॉप दिला. रोजचं वजन आणि कापसातला ओलावा संध्याकाळी नांदुऱ्याला कळवायचा. सोबत एक डोंगल दिलं, पेनाच्या टोपणाएवढं. ते खोचलं की हिरवा दिवा लागायचा, नेट यायचं आणि मी घाम पुसेपर्यंत जायचं. दिवा लाल व्हायचा. समोरच्या दुकानातून मामू हे रोज बघत होते. एके दिवशी ते हात पुसत आले, डोंगलाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "लाल्या आला याच्यावर."

कपाशीची पानं लाल पडतात त्या रोगाला इकडे लाल्या म्हणतात.

"मग काय करायचं?"

"कपाशी असती त मॅग्नेशियम मारलं असतं." थोडा विचार करून म्हणाले, "वायसर कुठी असते याचं?"

डोंगलाला वायसर नसतं, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी ते फुंकलं, पॅंटला घासलं, उलटं खोचून पाहिलं. उलटं बसलं नाही. "हेच त," असं काहीतरी स्वतःशी म्हणाले आणि माझ्या नेटची जबाबदारी त्या दिवसापासून त्यांनी घेतली. मी सोपवली नव्हती.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण त्याच हंगामात घरून निरोप आला. चिपळूणजवळची मुलगी होती, प्रणाली. तिला मी एकदा नात्यातल्या हळदीत पाहिलं होतं. वाढता वाढता तिने माझ्या पानात दुसऱ्याची जिलेबी वाढली होती आणि परत मागितली होती, एवढीच ओळख. पण मनात राहिली होती. तिचे वडील तात्या, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी कळवलं, मुलगा समोर बघितल्याशिवाय पुढचं बोलणार नाही. मुंबईचं एक स्थळ त्यांच्या हातात होतं. आणि शेठ म्हणाले, खरेदी भरात असताना गावी गेलास तर काट्यावर दुसरा माणूस बसेल. शेवटी माझ्या भावाने तोडगा काढला. तात्यांच्या पुतण्याचा चिपळुणात कॉम्प्युटरचा क्लास होता. रविवारी दुपारी ती मंडळी तिथे बसणार, मी इथून लॅपटॉपवर दिसायचं. दिसलो तर दिसलो. नाही दिसलो तर मुंबईचं स्थळ.

मी मामूंना सांगितलं. खरं तर माझ्या तोंडावरूनच त्यांनी ओळखलं आणि काढून घेतलं.

"म्हणजे पोट्टी नेटवरून पाहून राह्यली तुले?"

"हो."

"अन् नेट तुह्यं असं."

"हो."

"भेऊ नको. मी हाव ना," मामू म्हणाले. तेव्हापासून मला जास्तच भीती वाटायला लागली.

रविवारी सकाळी ते आले तेव्हा सिद्धांत तयार होता. "टॉवर म्हणजे पाण्याची टाकी. टाकी उंच असते अन् नळ खाली. तू नळ टेबलावर ठेवून राह्यला. पाणी चढन का?" आम्ही लॅपटॉप घेऊन काट्याखालच्या खड्ड्यात उतरलो. तिथे रेंज तर नव्हतीच, एक बेडूक होता. मामू खड्ड्यात उकिडवे बसून पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग चेहऱ्यावर जराही चलबिचल न आणता म्हणाले, "म्हणजे टाकी नाही. बोअर हाय. पाणी खालून वर येते. चाल, वर."

आवारात सगळ्यांत उंच जागा एकच, कापसाची गंजी.

पत्र्याखालून बाहेर आल्यावर रेंज सुधारणार हे आज मला कळतं. तेव्हा मी फक्त मामूंच्या मागून चढत होतो. कापसावर चढणं सोपं नसतं, एक पाय वर टाकला की दुसरा मांडीपर्यंत आत जातो. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, काखेत लॅपटॉप, अशा थाटात मी वर पोहोचलो आणि मांडी घालून बसलो तो कमरेपर्यंत रुतलो. मामूंनी फवाऱ्याची लांब दांडी आणली होती. तिच्या टोकाला डोंगल सुतळीनं बांधलं, लांब वायर लॅपटॉपला जोडली आणि दांडी उभी धरून माझ्या मागे उभे राहिले. दिवा हिरवा झाला. हलेना.

"नेट लावावं लागते बे नेटले," मामू वरून म्हणाले.

कॉल लागला. समोर तात्या, त्यांच्याशेजारी काकू, मागे प्रणाली. मी नमस्कार केला. तात्या काही बोलण्याआधी काकू घाबरल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, हा ढगात बसलाय काय?"

"कापूस आहे काकू," मी म्हणालो. "कापसावर बसलोय."

"घरात बसायला जागा नाही का?" तात्यांनी विचारलं. ड्रायव्हर माणूस, नजर सरळ रस्त्यावर.

मी सगळं समजावून सांगू लागलो आणि सांगता सांगता अडखळलो. प्रणाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. ते वाईट लक्षण की चांगलं, हे कळायला मार्ग नव्हता. तात्यांनी कामाचं विचारलं, गावाचं विचारलं, शिक्षणाचं विचारलं. सातवी, असं मी सांगितलं. तात्या "हं" म्हणाले. त्या "हं" वर मी आणखी थोडा कापसात गेलो.

मग त्यांनी मान तिरकी केली. "मागे दांडी धरून कोण उभे आहेत?"

"मामू," मी म्हणालो.

"मुलाचे मामा का?" तात्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या मागे त्याचा मामा उभा राहतो. "वा. आत्तापासूनच मागे उभे राहिले. याला म्हणतात मामा."

"हाव जी, मामू," मामू वरून मोठ्यानं म्हणाले, आणि तात्या तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजले. दिवा लाल.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. गाडी चांगल्या वळणावर येऊन थांबली होती. माझ्या आईला भाऊ नाही, मला मामा नाही. तात्यांना एक मिळाला तर मिळू दे, असं मनात आलं. मामू मात्र दांडी खाली करून माझ्याकडे बघत होते.

"तो मले सख्खा मामा समजला काय बे?"

"राहू द्या मामू. पुढे सांगू."

"पुढं कवा? हळद लागल्यावर?"

"ते मोडतील."

"मोडलं त मोडलं. गळता पंप मी कोणाच्या पाठीवर देत नाही, तुले माहीत हाय." त्यांनी डोंगल सोडून हातात घेतलं आणि लगेच दुसऱ्या हातात टाकलं. "भल्लं तापलं हे. मोटर तापली की थांबा लागते."

डोक्यावरची टोपी काढून ते डोंगलाला वारा घालू लागले. खाली शेळ्या गंजीच्या कडेनं फिरत होत्या, त्यांना हाकलायचंही भान आम्हाला नव्हतं. मी दिव्याकडे बघत होतो आणि मनातलं सांगतो, तो लागू नये असंही वाटत होतं, लागावा असंही. मामू फक्त वारा घालत होते. शेवटी त्यांनी डोंगल गालाला लावून पाहिलं, पुन्हा बांधलं, दांडी उभी केली. हिरवा.

"काय झालं हो? गेलात कुठे?" तात्यांचा आवाज आला.

मामू माझ्या शेजारी बसले. बसले म्हणजे रुतले. एका हातात दांडी वर धरलेलीच.

"जी, पावणे, मी शब्बीर. पंप दुरुस्तीचं दुकान हाय माह्यं. मी याचा मामा नाही. गाव मले मामू म्हणते म्हणून हाही म्हणते. याले मामाच नाही. तुम्ही मले मामा धरून पोट्टी देऊन राह्यले असान, त तसं करू नका."

पलीकडून काहीच आलं नाही. चित्र हलत नव्हतं. ही शांतता तात्यांची की नेटची, हे मला कळेना. मामूंनी दांडी थोडी डावीकडे झुकवली, मग उजवीकडे.

"दांडी हलवू नका," तात्या म्हणाले. "ऐकू आलंय."

मग ते सावकाश म्हणाले, "मामा खरा नसला तरी चालेल हो. मुलगा खरा आहे ना?"

"मुलगा?" मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुरुस्तीला आलोय. "मुलगा भल्ला भित्रा हाय जी. शेठचा फोन आला की उभा होते. सातवीच शिकेल हाय. पण कोणाचा कापूस काट्यावर टाकला की पुन्हा पुन्हा पाह्यते, कमी त नाही भरला म्हणून. लोक चिडतात, इतका पाह्यते. भित्र्या माणसाचं एक असते पावणे, दगा द्यायलेही त्याले भेव वाटते."

तात्या हसले नाहीत, पण काकू हसल्या. मग मागून प्रणालीनं विचारलं, "तुम्हाला गाव मामू का म्हणतं? भाचे खूप आहेत का?"

"एकबी नाही बाई. मले बहीणच नव्हती."

दुकानात वायसरची किंमत सांगावी, तसंच त्यांनी ते सांगितलं. इतके हंगाम मी त्यांच्या समोर बसलो, त्यांच्या ताटात जेवलो, आजारात त्यांनीच आणलेली औषधं घेतली. आणि हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. घराला कुलूप नसतं, आत दुसऱ्या कोणाची चप्पल नसते, एवढं रोज दिसत असूनही.

"मग लग्नात यांच्या मागे कोण उभं राहणार?" प्रणाली म्हणाली. "यांच्या" म्हणाली. मी ते ऐकलं.

"ते काय आत्ता उभे होतेच की," तात्या म्हणाले. "शब्बीरभाई, येणार ना चिपळूणला?"

मामूंच्या तोंडून उत्तर निघायच्या आत नेट गेलं. या वेळी कोणी वारा घातला नाही. दांडीचं डोंगल सोडता सोडता मामू म्हणाले, "गेलं त गेलं. काम झालं." आणि उतरताना घसरून पार शेळ्यांमध्ये जाऊन पडले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामूंचं दुकान बंद दिसलं. मी धसकलो, आजारी पडले की काय. शोधत गेलो तर लुगड्यांच्या पालासमोर उभे. दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं होतं आणि एका हिरव्या साडीचा कोपरा भिजवून रंग सुटतो का ते बघत होते. दुकानदार हात जोडत होता, "मामू, बाकीचे गिऱ्हाइक पळून राह्यले ना." मला पाहून मामू जरा गोंधळले. मग गोंधळ झटकून म्हणाले, "बरं झालं आला. मामाले लग्नात काय काय करा लागते बे?"

"मागे उभं राहायचं, एवढंच ठाऊक, मामू. मला मामा नव्हता."

"मी सगळ्या बाजाराले इचारलं. एक म्हणते सुरी धरून उभं राहा लागते. एक म्हणते दिवा धरून. तो मिरचीवाला म्हणते, मामानं नवरीले उचलून आणा लागते." आवाज खाली आणून म्हणाले, "पोट्टी वजनदार असन त आधी सांग. कंबर धरेल हाय माही."

तो मामा नवरीचा असतो, नवरदेवाचा नाही, हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं असावं.

उन्हाळ्यात, खरेदी संपल्यावर, आमचं लग्न झालं. धाडहून निघून तीन एसट्या बदलत मामू चिपळूणला आले. पांढरा नवा सदरा, मांडीवर साडीची पिशवी. रस्त्यात तिन्ही ड्रायव्हरांना त्यांनी गाडीत काय बिघाड आहे ते सांगितलं होतं. तात्यांनी त्यांना स्वतःच्या पंगतीला बसवलं आणि दोघं इंजिनाविषयी असं काही बोलले की काकूंना तात्यांना हाताला धरून मांडवात आणावं लागलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मामू माझ्या मागे ताठ उभे. तात्यांच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "मुलाच्या मागे हे कोण?" तात्या म्हणाले, "मुलाचे मामा." मी मान वळवून पाहिलं. मामूंनी बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार ते मला पाठ होतं. मग त्यांनी तोंड मिटलं. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्यांनी दुरुस्त केली नसेल. अक्षता पडत होत्या आणि ते समोर बघत होते.

आता प्रणाली आणि मी धाडलाच राहतो. मामूंच्या हातांच्या भेगांत इतक्या वर्षांचं फवारणीचं औषध बसलंय. भाकरी मोडताना बोटं नीट वळत नाहीत. विचारलं तर म्हणतात, थंडी हाय. जेठाच्या उन्हातही थंडीच असते. प्रणालीनं आमच्या घराची मागची खोली रिकामी करून ठेवली आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. एक दिवस मी त्यांना सांगणार आहे, आता दुकान पुरे, इकडे राहायला या. ते मला बाजारभर ऐकवतील. मी घाबरेन, पण मागे हटणार नाही. मामाला म्हातारपणी भाच्यानं सांभाळायचं, अशी आमच्याकडे रीत आहे की नाही, मला माहीत नाही. नसेल तर आम्ही पाडू.